रस्ता कुणाच्या पायांचा?

माझी आय सकाळी साडेसहाला रस्त्यावर झाडू घेऊन उभी राहते. कंत्राटी कामगार. पेठेतला एक तुकडा तिच्याकडं आहे. कुठला ते लिहीत नाही, कारण मुकादमालाही वाचता येतं. दुकानांची शटरं वर जातात तेव्हा रस्ता लख्ख असतो आणि आय तिथं नसते. रस्ता स्वच्छ दिसावा, पण झाडणारी दिसू नये, असा हा बंदोबस्त.

मध्यंतरी तिला शहरातल्या एका नव्यानं केलेल्या रस्त्यावर घेऊन गेलो. रुंद फुटपाथ, दगडी बाक, झाडाभोवती कट्टा. आय बाकावर बसली, चपला काढल्या, पाय वर घेतले. पाच मिनिटांत समोरच्या दुकानाचा वॉचमन आला. "मावशी, इथं नका बसू. गिऱ्हाईक येतंय." बाक दुकानाचा नव्हता, सार्वजनिक पैशाचा होता. मी तोंड उघडेपर्यंत आय उठलीसुद्धा. भांडली नाही. उठायची सवय तिच्या गुडघ्यांना आहे.

अभ्यासवर्गात हे सांगितलं तेव्हा एक दोस्त म्हणाला, "सोड रे. वॉकिंग प्लाझा, बाक, कुंड्या ही पांढरपेशांची करमणूक. आपले प्रश्न वेगळे. अत्याचार आहेत, शिष्यवृत्ती आहे, नोकऱ्या आहेत." मला हे पटलं नाही. का पटलं नाही, तेच लिहितोय.

पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो. लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा तुकडा त्या दिवशी गाड्यांना बंद. लोक रस्त्याच्या मधून चालतात, पोरं खेळतात. हा रस्ता कायमचाच चालणाऱ्यांचा करावा, अशी चर्चाही होते. चांगली गोष्ट आहे. पण या पेठांच्या मातीला विचारा, इथं आधी कोण कसं चालत होतं?

१९३६ साली लाहोरच्या मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी ते नोंदवून ठेवलंय. पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्याच्या कमरेला झाडू, गळ्यात मडकं. पावलांनी विटाळलेली धूळ त्यानंच मागं झाडत जायची, थुंकी जमिनीवर पडू द्यायची नाही. म्हणजे रस्ता वापरायचा, पण आपण तिथून गेलो ही खूण आपल्याच हातानं पुसायची. आता माझ्या आयचा झाडू कमरेला नाही, हातात आहे, आणि त्याची मजुरी मिळते. फरक मोठा आहे, तो मी नाकारत नाही. पण आपली खूण पुसून उजाडायच्या आत निघून जाणं अजून चालूच आहे. म्हणून रस्त्याचा प्रश्न आपला नाही असं म्हणणाऱ्याला मी म्हणतो, बाबा रे, हा तर आपला सगळ्यात जुना प्रश्न.

आता मूळ मुद्दा. एखादी जागा सार्वजनिक होते म्हणजे नेमकं काय होतं? ठराव झाला की ती सार्वजनिक होते का? बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ ला झाला. महाड नगरपालिकेनं १९२४ ला चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर लिहिलं. तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपल्यातल्या कुणाची ओंजळ त्या पाण्यापर्यंत गेली नाही. गेली तेव्हा डोकी फुटली. पुढं नगरपालिकेनं ठरावच मागं घेतला. तिकडं वैकमला १९२४-२५ मध्ये देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी सत्याग्रह झाला आणि तडजोडीत तीन बाजू खुल्या झाल्या, पूर्वेची राहिली. घटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, घाट यांच्याबरोबर 'रस्ते' हा शब्द उगाच आलेला नाही. त्यामागं हे सगळं चालणं आहे.

म्हणून मला वाटतं, रस्त्यावरच्या हक्काच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली जाण्याची, दुसरी थांबण्याची, तिसरी ठरवण्याची. पहिली आपण रक्त सांडून मिळवली. आयला त्या रस्त्यावरून चालताना कुणी अडवलं नाही. ती थांबली तेव्हा अडवलं. आणि बाक कुठं असावा, किती असावेत, हे ठरवताना तिला कुणी विचारलंच नव्हतं. नकाशात झाड असतं, दिवा असतो, फरशीचा रंग असतो. झाडणाऱ्या बाईला संडास, पाण्याचा नळ, लुगडं बदलायला आडोसा ह्या गोष्टी शोधून दाखवा.

आणि नकाशा रस्त्यापाशीच थांबत नाही. रस्ता देखणा झाला की गाळ्याचं भाडं चढतं. जुन्या वाड्यातल्या भाडेकरूला बिल्डर गोड बोलायला लागतो. मंडई आणि कसबा पेठेची भुयारी मेट्रो स्थानकं २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली. जमिनीखाली गाडी धावते, जमिनीवर भाव धावतो. जो माणूस खरोखर पायी चालतो, हमाल, पथारीवाली, कपड्याच्या दुकानातली पोरगी, तो हळूहळू शहराच्या कडेला ढकलला जातो. तिथून दोन बसा बदलून यायचं आणि पायी चालायच्या रस्त्यावर कामाला उभं राहायचं! चालणाऱ्यांसाठी रस्ता झाला, पण चालणारेच उठले.

जोतीरावांनी हे ओळखलं होतं. ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या मोठ्या इमारतीला त्यांनी विरोध केला, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला म्हणाले. इमारत झालीच. शनिवारवाड्यापुढं उघड्यावर भरणारा भाजीबाजार आत गेला. रे साहेबाचं नाव असलेल्या त्या मंडईला पुढं जोतीरावांचंच नाव दिलं गेलं. नाव आपलं लागलं म्हणजे प्रश्न सुटला असं नसतं, एवढं तरी यातून शिकावं.

मग विरोध करायचा का? मी म्हणतो, नाही. इथं माझा दोस्त आणि मी वेगळे होतो. मोटारवाल्यानं रस्ता खाल्ला तेव्हा कुणाचे पाय गटाराच्या कडेला गेले? आपलेच. गाड्या हटवून रस्ता पायांना परत देणं ही आपली मागणी असायला हवी. देखणेपणाही आपल्याला वर्ज्य नाही. गरिबाला सावली आणि बाक नको, फक्त भाकरी हवी, हे म्हणणंसुद्धा जुन्या पंक्तिभेदासारखंच.

पण आपल्या माणसांचं सगळंच बरोबर असंही नाही. फुटपाथभर पथारी लागली तर आंधळ्यानं, कुबड्यावाल्यानं कुठून जावं? तोही आपलाच. म्हणून पथारीचा हक्क आहे, पण दुसऱ्याची वाट अडवण्याचा नाही. ही सांगड घालायला २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही, असं तो सांगतो. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी, त्यांत एक तृतीयांश बाया, आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य जागा. तिसरी पायरी कायद्यात लिहिलेली आहे. चढणारे पाय कुठं आहेत? आपल्यातल्या किती जणांनी आपल्या शहरातल्या समितीचं इतिवृत्त मागून वाचलंय? मी तरी वाचलेलं नव्हतं.

आणखी एक कबुली. मागं एका मोर्चाला उशीर झाला म्हणून मी टू-व्हीलर फुटपाथवर चढवली. एक म्हातारी खाली रस्त्यावर उतरून, बसच्या धडाक्यातून वळसा घालून गेली. मी समतेच्या घोषणा द्यायला निघालो होतो. तिच्या वळशात माझा वाटा होता.

तेव्हा दोस्तहो, रस्त्याची कुठलीही नवी योजना आली की टाळ्या किंवा दगड हातात घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. इथून कोण जाऊ शकतो? इथं कोण थांबू शकतो? हे कुणी ठरवलं? पहिल्याचं उत्तर 'सगळे' असेल आणि उरलेल्या दोन्हींचं 'काहीजण', तर तळ्याची वाट खुली आहे आणि पाणी अजून बंद आहे.

आयला परवा म्हटलं, पुन्हा जाऊ त्या बाकावर. या वेळी उठायचं नाही. ती म्हणाली, "येते की. पण आधी तुझी गाडी कुठं लावणार, ते सांग."