फाटकापलीकडचा पक्षी

इंग्लंडच्या ग्रामीण भागात जुलै-ऑगस्टच्या सुमारास रानाच्या कडेला जाळीची मोठाली कुंपणं उभी राहतात. आत शेकड्यांनी फेझंटची पिल्लं असतात, दीड-दोन महिन्यांची. फेझंट हा कोंबडीच्या कुळातला, लांब शेपटीचा देखणा पक्षी, मूळचा आशियातला. ही पिल्लं यंत्रात उबवलेली, दिव्याच्या उबेवर आणि पोत्यातल्या खाद्यावर वाढलेली. आई त्यांनी पाहिलेलीच नसते. काही आठवड्यांत ती कुंपण ओलांडून रानात शिरू लागतात. १ ऑक्टोबरला हंगाम उघडतो. हाकारे झाडी बडवत पक्षी उठवतात, पुढे रांगेत उभे असलेले बंदूकवाले छर्रे झाडतात. हे १ फेब्रुवारीपर्यंत चालतं.

कुंपणाच्या आतला फेझंट कायद्याने पाळीव. त्याला मालक आहे. त्याला विनाकारण यातना दिल्या तर २००६ च्या प्राणीकल्याण कायद्याखाली मालकावर खटला होऊ शकतो. तोच पक्षी रानात गेला, स्वतःच्या पायावर जगू लागला, की वन्य ठरतो. मग त्याला मालक नाही, त्याच्या पोटापाण्याची जबाबदारी कुणावर नाही, आणि हंगाम असेल तर मारायला आडकाठी नाही. पक्षी तोच, खाणंही बऱ्याच अंशी तेच, कारण रखवालदार रानात गव्हाचे दाणे टाकतच असतो; नाहीतर पक्षी शेजाऱ्याच्या हद्दीत जातील आणि पैसे मोजून आलेले पाहुणे रिकाम्या हाताने परततील.

बरं, कुंपणाच्या आत तरी त्याला शेतीतल्या प्राण्याचं संरक्षण असावं? तेही नाही. इंग्लंडमध्ये पाळीव पशुपक्ष्यांच्या कल्याणाचे २००७ चे नियम आहेत. खेळासाठी किंवा स्पर्धेसाठी वाढवलेल्या प्राण्यांना त्यांतून वगळलं आहे. अंड्यांच्या कोंबडीला कोंडणारे जुन्या पद्धतीचे उघडेबोडके पिंजरे युरोपीय संघात २०१२ पासून बंद झाले, पण फेझंटच्या मादीला तो कायदा शिवलाही नाही. ती अंडी घालते ती ऑम्लेटसाठी नव्हे, शिकारीसाठी, एवढाच फरक. तिला पिंजऱ्याची जाळी काही वेगळी टोचत असेल असं वाटत नाही.

२०१० साली ही फट बुजवायची संधी आली होती. त्या मार्चमध्ये तेव्हाच्या मजूर पक्षाच्या सरकारने शिकारीचे पक्षी वाढवणाऱ्यांसाठी एक आचारसंहिता मांडली. तिच्याप्रमाणे प्रजननाचे पक्षी पिंजऱ्यात ठेवणं जवळपास अशक्य झालं असतं. मे महिन्यात निवडणूक झाली, सत्ता बदलली आणि जूनमध्ये नव्या सरकारने ती मागे घेतली. तिच्या जागी जी आली तिच्यात पिंजऱ्यांना वाव राहिला; फक्त ते ‘समृद्ध’ असावेत, म्हणजे आत बसायला दांडी, लपायला आडोसा वगैरे असावा. शिवाय आचारसंहिता मोडणं हा स्वतःहून गुन्हा नाही; खटला उभा राहिलाच तर ती फक्त पुरावा म्हणून दाखवता येते. दाटीत पक्षी एकमेकांची पिसं उपटतात म्हणून चोचीत प्लास्टिकचा तुकडा अडकवतात, नाहीतर डोळ्यांपुढे झापड बसवतात. ही साधनं शक्यतो टाळावीत, असं संहिता सांगते. ‘शक्यतो’ या शब्दाने किती सरकारी कागदांची अब्रू राखली असेल!

असे पक्षी दरवर्षी किती सोडतात? शिकारीच्या बाजूच्या संशोधन संस्थेचा एक अंदाज ४ कोटी ७० लाख फेझंटचा होता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तो ३ कोटी १५ लाखांच्या आसपास आणला. वर तांबड्या पायांचे तित्तर नव्वद लाख ते एक कोटी. म्हणजे दोन अंदाजांतच दीड कोटी पक्ष्यांची तफावत! गाई-म्हशीच्या कानात बिल्ला मारून तिची नोंद ठेवणाऱ्या देशात हे घडतं. यांतले बरेचसे पक्षी अंडी किंवा पिल्लं म्हणून फ्रान्समधून येतात. २०२२ साली तिथे बर्ड फ्लू पसरला तेव्हा ब्रिटनमधल्या कितीतरी शिकारी रद्द झाल्या. आणि सोडलेल्यांपैकी बंदुकीने पडतात ते साधारण तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के. उरलेल्यांतले बहुतेक कोल्ह्याच्या तोंडी, गाडीखाली किंवा रोगाने जातात.

शिकारीच्या बाजूचं म्हणणं ऐकूनच घ्यायला हवं, कारण ते पोकळ नाही. शिकारीसाठी म्हणून जमीनदारांनी झाडी राखली, कुंपणाच्या झुडपांची निगा केली, आणि त्याचा फायदा इतर पाखरांनाही झाला. त्यांचा दुसरा मुद्दा जास्त बोचतो. फेझंट निदान काही महिने मोकळ्या हवेत हिंडतो, उडतो. तुमच्या ताटातल्या ब्रॉयलरला पाच-सहा आठवड्यांत कापतात, आभाळ न पाहताच. नाशिक-पुण्याकडच्या पोल्ट्रीशेडमध्ये पाय ठेवलेल्या माणसाने यावर घाईने तोंड उघडू नये. मी स्वतः चिकन खातो. पण या युक्तिवादाने ब्रॉयलरची बाजू उघडी पडते, फेझंटची झाकली जात नाही. शिवाय हिशोबात धरला जातो तो उडणारा फेझंट. पिंजऱ्यात अंडी देत बसलेली त्याची आई त्या हिशोबात कुठेच नसते.

मारण्यापेक्षा मला हे जन्माला घालणं जास्त खुपतं. रानातला पक्षी मारणाऱ्याने निदान त्याला रानात आणलेलं नसतं. विदर्भात-मराठवाड्यात तित्तर-लाव्यांना फासे लावणाऱ्या पारध्याला इंग्रजी अमलात जन्मजात गुन्हेगारांच्या यादीत टाकलं गेलं; पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याचा फासाही बेकायदा ठरवला. तो कायदा हवाच होता. पण पारधी जेवढं पोटाला लागेल किंवा बाजारात खपेल तेवढंच धरायचा. १८ डिसेंबर १९१३ रोजी बकिंगहॅमशरमधल्या हॉल बार्न इस्टेटीवर राजे पाचवे जॉर्ज आणि त्यांच्या मंडळींनी एका दिवसात ३,९३७ फेझंट पाडले. परतताना राजेसाहेबांनाच आज जरा अति झालं असं वाटलं म्हणतात. एवढे पक्षी एका रानात आपोआप येत नसतात. ते मुद्दाम वाढवून तिथे आणावे लागतात.

नियम अगदीच नाहीत असं नाही. ‘वाइल्ड जस्टिस’ या संस्थेने कोर्टाचा रेटा लावल्यावर २०२१ पासून इंग्लंडमध्ये संरक्षित निसर्गक्षेत्रांत आणि त्यांच्यापासून ५०० मीटरच्या आत पक्षी सोडायला परवान्याच्या अटी आल्या. चिंता मात्र तिथल्या वनस्पतींची आणि किड्यांची होती, सोडलेल्या पक्ष्याची नव्हे. २०२० साली शिकारी संघटनांनी पाच वर्षांत शिशाचे छर्रे स्वखुशीने सोडण्याचं जाहीर केलं. नंतर संशोधकांनी बाजारातले फेझंट तपासले, तर जवळजवळ सगळ्यांत शिसंच निघालं. स्वखुशीवर सोपवलेल्या सुधारणेचं बहुधा असंच होतं.

मागणी साधी आहे. अंड्यांच्या कोंबडीला लागू असलेले पिंजऱ्याचे नियम फेझंटलाही लागू करा, सोडलेल्या प्रत्येक पक्ष्याची नोंद ठेवा, आणि ज्याने सोडला त्याच्यावर हंगाम संपेपर्यंत काहीतरी दायित्व ठेवा. यातलं शेवटचं जमीनदारांच्या गळी उतरणार नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८६५ साली सशांच्या एका खटल्यात निकाल दिला होता: दुसऱ्याच्या जमिनीत शिरून कुणी वन्य प्राणी मारला, तर मेलेला प्राणी जमीनमालकाचा. म्हणजे कुंपणात असेतो फेझंट मालकाचा, आणि रानात मरून पडला की पुन्हा मालकाचा. मधल्या काळात तो रस्त्यावर आला आणि एखादी मोटारसायकल त्याच्यावर आदळली, तर भरपाई कुणाकडे मागायची?