हवेत उभं राहण्याआधी

आज आसन घालायची गरज नाही, साधी खुर्ची चालेल. पावलं जमिनीला टेकवा. डावा हात मांडीच्या बाहेर खाली सोडा. उजवा दोन्ही गुडघ्यांच्या मधोमध आणा, मूठ सैल असू द्या. डोळे मात्र उघडेच ठेवा. ज्या यंत्राचं मनन करायचं आहे, ते मिटल्या डोळ्यांच्या माणसाला जवळ करत नाही.

यंत्राचं नाव बेल ४७. अमेरिकेत नागरी वापराचा परवाना मिळालेलं हे पहिलं हेलिकॉप्टर, ८ मार्च १९४६. आपण ज्या यंत्रात बसणार आहोत ते कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं आहे. तिथं १९४७ साली कार्ल एगर, आल्फ स्ट्रिंगर आणि बार्नी बेंट यांनी ओकानागन एअर सर्व्हिसेस ही कंपनी काढली. एगर वैमानिक, स्ट्रिंगर यंत्र सांभाळणारा. यंत्र घेतलं होतं फळबागांवर औषध फवारायला. पण १९४८ मध्ये भूमापकांना डोंगरमाथ्यांवर नेऊन सोडायचं काम आलं आणि सगळं बदललं. जिथं चढून जायला दिवस मोडायचे, तिथं आता मिनिटांत पोचायचं होतं.

अजून उडायचं नाही. पहाट आहे, तळ उघड्यावर आहे, थंडी मरणाची. अशा तळांवर कडाक्याच्या थंडीत इंजिनमधलं तेल रात्रीच डब्यात काढून ठेवत, सकाळी चुलीवर गरम करून परत ओतत. त्या गरम तेलाचा वास घ्या. मग पेट्रोल. ते पिंपातून येतं आणि पिंपात पाणी साचतं. म्हणून नरसाळ्यावर मऊ कातडं पसरायचं. त्यातून पेट्रोल झिरपतं, पाणी वर राहतं. धार बारीक आहे, वेळ लागणार. लागू द्या. इथं उरकण्यासारखं काही नाही.

आता पात्यांपाशी या. दोनच पाती आहेत आणि ती लाकडी आहेत. लाकूड दमट हवेत पाणी पितं. एक पातं दुसऱ्यापेक्षा थोडं जड झालं, किंवा थोडं वर-खाली फिरू लागलं, की सगळं यंत्र थरथरतं. हे तपासायची जुनी रीत ऐका. दोन्ही पात्यांच्या टोकांना दोन रंगांचे खडू लावायचे. पाती पूर्ण वेगानं फिरू द्यायची. मग मेकॅनिक काठीला ताणून बांधलेलं कापड उभं धरतो आणि अगदी हळू, पात्यांच्या टोकांकडे नेतो. नुसता स्पर्श. कापडावर दोन रंग उमटतात. एकमेकांवर बसले तर ठीक, अंतर पडलं तर यंत्र थांबवा, दुरुस्त करा, पुन्हा फिरवा, पुन्हा कापड.

या जागी थोडं थांबू. ती काठी तुमच्या हातात आहे असं समजा. घाई केलीत तर कापड फाटेल, भ्यालात तर खूण उमटणार नाही. श्वास आपोआप लहान होतो. त्याला सांगावं लागत नाही. ध्यानावरच्या पुस्तकांत मन रिकामं करायला सांगतात. इथं ते दोन रंगांनी पूर्ण भरलेलं आहे, आणि माझ्या मते तेही ध्यानच.

बसा आत. डाव्या हातात कलेक्टिव्हचा दांडा आहे. तो किंचित वर घ्या: दोन्ही पात्यांचा कोन एकदम वाढतो. हवेचा विरोधही वाढतो, फेरे मंदावू लागतात. म्हणून त्याच दांड्यावरची थ्रॉटलची मूठ पिळा. जोर वाढला की नाक उजवीकडे वळू पाहतं. डावं पेडल दाबा. शेपटीच्या पंख्याचा रेटा वाढला, यंत्र उजवीकडे सरकू लागलं. उजव्या हातात गुडघ्यांमधला दांडा आहे, तो अगदी केसभर डावीकडे. तेवढ्यात उंची थोडी बदललीच. पुन्हा डावा हात. बाहेरून पाहणाऱ्याला यंत्र हवेत उभं दिसतं. आत कोणीही उभं नाही.

डोक्यावर नजर टाका. पात्यांना काटकोनात, टोकांना वजनं लावलेला एक दांडा फिरतो आहे. यंत्र कललं तरी हा दांडा आपली पातळी चटकन सोडत नाही आणि पात्यांनाही आवरून धरतो. ही बेल ४७ घडवणाऱ्या आर्थर यंग यांची करामत. हेलिकॉप्टरचं काम सोडल्यावर ते मानवी जाणिवेच्या अभ्यासाकडे वळले, १९७६ मध्ये त्यावर ग्रंथही लिहिला. मला त्यांच्या ग्रंथापेक्षा हा दांडा अधिक पटतो, पण ते असो.

आता डोंगर. इंजिन पिस्टनचं, सुपरचार्जर नाही. दहा हजार फुटांवर जवळपास ३० टक्के ताकद हवेतच हरवते. उरलेलं बळ वाऱ्याकडून मागून घ्यायचं. पावसाळ्यात नाणेघाटात उलटा उडणारा धबधबा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कड्यावरून वर चढणारा वारा वेगळा सांगायला नको. तोच वारा कड्याच्या आडोशाला खाली कोसळतो आणि यंत्रालाही खाली दाबतो. म्हणून टेकायची जागा हेरताना आधी निघायची वाट बघा. एका बाजूला उतार मोकळा हवा. उडताना जोर पुरला नाही तर त्या उतारावरून खाली झोकून द्यायचं, वेग पकडायचा आणि मग वर यायचं. एगर या गोष्टी डोंगरातच शिकला. पुढे त्याच्या कंपनीनं पेंटिक्टनला याच गोष्टींची रीतसर शाळा काढली.

शेवटची एक गोष्ट, आणि ती हातात मुरायला हवी. इंजिन थांबलं तर डावा हात तत्क्षणी खाली. विचार नंतर. इंजिनपासून सुटलेली पाती खालून येणाऱ्या वाऱ्यावर फिरत राहतात. जमीन जवळ आली की नाक थोडं उचलून वेग मोडा, नाक सरळ करा, आणि अगदी शेवटी डावा हात वर घ्या. पात्यांत साठलेला जोर तेवढ्यापुरताच असतो, दुसऱ्यांदा मिळत नाही. लवकर ओढलात तर उंचावरून आपटाल.

करून पाहा: हात खाली. पुन्हा. अजून एकदा, खांदा न आखडता.

आज इतकंच. पुढच्या बैठकीत थ्रॉटल मी बंद करणार आहे. कधी, ते सांगणार नाही.