सख्ख्या भावांची साक्ष

पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची दाटी आहे. तिथल्या एका पोटमाळ्यावर एक काका रिपेअरिंग करत. डिप्लोमाची पोरं कुठं अडली की जिना चढून त्यांच्याकडं येत.

एकदा एक पोरगा तणतणतच वर आला. त्यानं घरी सर्किट बोर्ड केला होता. ओएचपी शीटवर लेझर प्रिंट, मग यूव्ही दिवा, मग फेरिक क्लोराइड. ट्रॅक झकास उठले होते, पण 40 पिनांचा सॉकेट बसेना. पहिली पिन भोकात जाई, त्याच रांगेतली विसावी कडेवर अडे.

"दुकानदारानं सॉकेट डुप्लिकेट दिलाय, काका."

"फिल्म दाखव."

त्यानं छापलेल्या ओएचपी शीटच्या दोन फिल्म काढल्या. लेझरचा काळा रंग विरळ पडतो, त्यातून उजेड झिरपतो. म्हणून एकच चित्र दोनदा छापून एकावर एक चिकटवायचं, हे त्याला ठाऊक होतं. "बघा, केसाचा फरक नाही. दोन्ही जुळतात, म्हणजे माप बरोबर आहे."

"दोन्ही एकाच प्रिंटरच्या?"

"हो."

"म्हणजे सख्ख्या भावांनी एकमेकांची साक्ष दिली. पंच कुठाय?"

काकांनी खणातून स्टीलची पट्टी काढली. बोर्डाची प्रत्येक कड 100 मिमी हवी होती. फिल्मवर आडवी तेवढीच भरली. उभी, म्हणजे प्रिंटर शीट ओढतो त्या दिशेची, 98.5. तापलेल्या रोलरखाली प्लास्टिक आक्रसतं, गुळगुळीत शीट थोडी घसरतेही. दोन पिनांमधल्या 2.54 मिमीत ही तूट कुणाच्या डोळ्याला दिसणार? पण 19 अंतरं ओलांडेपर्यंत ती पाऊण मिलिमीटरच्या घरात जाते, आणि भोकच मुळी 0.8 मिमीचं. ('फिट टू पेज'वर टिचकी मारून मोकळे होणाऱ्यांची तर कथाच निराळी.)

"पण झेरॉक्सच्या दुकानात छापताना पट्टी कुठून आणणार?"

"सॉकेट खिशात होता ना?"

पोरगा गप्प.

"कोरी शीट आधी एकदा प्रिंटरमधून फिरवून घे," काका म्हणाले. "आक्रसायची तेवढी आक्रसू दे. मग तिच्यावर छाप. तरी तूट राहिली तर मोजून उभ्या दिशेला तेवढं वाढव."

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या काउंटरवर पोरगा ताज्या शीटवर सॉकेट टेकवून एकेक पिन बघत बसला. मागं रांग वाढली.

"अरे, मशीन कालचंच आहे," झेरॉक्सवाला वैतागला.

"म्हणून तर बघतोय," पोरगा म्हणाला.