कॅरियरवर मावेल तेवढं

पांडुरंगा, आज बाहेरची सगळी कामं एकाच फेरीत उरकायची आहेत. रेशन, गिरणी, पोस्ट, मंडई, आणि जमलं तर सायकलच्या मागच्या चाकाचा आऊट काढून घ्यायचा आहे. तू सोबत राहा. आळंदीहून, देहूहून माणसं पायी तुझ्याकडे येतात आणि तू विटेवर उभा राहून त्यांची वाट बघतोस. पायांच्या बळावर चालणाऱ्यांची तुला ओळख आहे, म्हणून हे बोलणं तुझ्याशीच.

पहिलं मागणं गुडघ्यांचं. मंडईतून स्वारगेटकडे परतताना रस्ता चढत जातो, हे मोटारीत बसलेल्याला कधी कळत नाही. पिशव्या लादलेल्या सायकलवाल्याला मात्र तो चढ इंच न् इंच माहीत असतो. तेवढा चढ न उतरता पार करता येईल, एवढी ताकद या पायांत राहू दे. आणि ज्यांच्यामुळे हे वाहन माझ्यापर्यंत पोचलं, त्यांचं भलं कर. बेलफास्टच्या जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरानं १८८८ साली हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. खडबडीत रस्त्यावर पोराच्या तीनचाकीला हादरे बसतात, म्हणून बापानं ती खटपट केली होती. एका बापाची ती माया आज माझ्या दोन्ही चाकांत भरलेली आहे. तिच्याबद्दल तुझे आभार.

हे गेल्यापासून निम्मी पेन्शन येते. घराला भाडं नाही, औषधं जन औषधी केंद्रातून मिळतात, आणि पेट्रोलचा भाव शंभरी ओलांडून गेला तरी माझ्या महिन्याच्या हिशेबात त्याची ओळच नसते. थोडक्यात राहता येतं, देवा, आणि मन लावून राहता येतं. घरात काय आणायचं, हे माझं कॅरियर ठरवतं. त्यावर मावत नाही ते बहुतेक वेळा लागतही नाही.

रेशनच्या रांगेत मात्र तुझ्याशी थोडं थांबून बोलायचं आहे. माणशी पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. त्यासाठी यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो. माझ्या पुढे उभी असलेली बाई चार घरची भांडी घासते. तिचा अंगठा यंत्र घेत नाही. ती तो पदराला पुसते, पुन्हा टेकवते, मग दुसऱ्या हाताचा देऊन बघते. मागची माणसं चुळबुळ करायला लागतात, तशी ती ओशाळते. पोटासाठी राबताना बोटांच्या रेषा गेल्या, आणि आता पोटाला धान्य हवं तर त्याच रेषा दाखवा म्हणतात. विठ्ठला, लाखो हात लागून तुझीही पावलं झिजली, त्यांना वज्रलेप करावा लागला. झिजणं म्हणजे काय, हे तुला कुणी सांगायला नको. तिचं धान्य तिला दे. तिला पुन्हा उद्या यायला लावू नकोस, उद्याचा खाडा तिच्या पगारातून कापला जातो.

रेशनचा गहू तसाच गिरणीत जातो. जनाबाईच्या जात्याला तू हात लावलास, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या गिरणीवाल्याच्या भुवयांवर, कानांत, श्वासात दिवसभर पीठ असतं, आणि अलीकडे तो फार खोकतो. त्याच्या छातीवरून तुझा हात फिरू दे.

पोस्टात हप्ता भरला की मंडई. १८८६ साली बांधलेल्या त्या आठकोनी इमारतीच्या आत गाळे आहेत, पण मी जाते ती बाहेर, जमिनीवर पोतं अंथरून बसलेल्या बायकांकडे. इथे मला तुझी सगळ्यात जास्त गरज लागते. थोड्या पैशांत राहणाऱ्या माणसाच्या जिभेवर घासाघीस फार लवकर येते. मेथीची जुडी तिनं वीसला सांगितली की पंधरा हा शब्द तोंडाशी येऊन थांबतो. तिनं ती पहाटे टेंपोच्या भाड्यात वाटा देऊन आणलेली असते, आणि संध्याकाळपर्यंत खपली नाही तर सुकलेली परत नेऊन उपयोग नसतो. देवा, माझी बचत माझ्या ताटातून होऊ दे. मी एक भाजी कमी घेईन, डाळीत पाणी वाढवीन, दोन दिवस भाकरीबरोबर खर्डा खाईन. पण माझ्याहून कमी असलेल्याच्या हातातून पाच रुपये सोडवून घेऊन मी त्याला काटकसर म्हणावं, एवढं मन माझं लहान होऊ देऊ नकोस. कुणी दारी आलं तर दुसरा कप चहा टाकताना साखरेच्या डब्यात बघायची सवय मला लावू नकोस.

रस्त्यावर माझ्यासारखेच आणखी सायकलवाले असतात, त्यांनाही सांभाळ. पहाटे पेपर टाकणारी पोरं, रात्रपाळी संपवून परतणारे वॉचमन, हँडलला थापी आणि ओळंबा अडकवून साईटवर निघालेला गवंडी. हे पुणे शहर एकेकाळी सायकलींचं म्हणून ओळखलं जायचं, महापालिकेचा पत्र्याचा बिल्ला प्रत्येक सायकलला असायचा. आता सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यावर मोटारी उभ्या असतात आणि आम्ही बसच्या चाकाशेजारून जातो. बस चालवणाऱ्याला आरशात आम्ही दिसू दे. मोटारीतून उतरणाऱ्याला दार उघडण्याआधी मागे वळून बघायचं सुचू दे.

शेवटी कोपऱ्यावरचा पंक्चरवाला. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधणारे, आऱ्या एकेक आवळून चाक सरळ करणारे हात आता शोधावे लागतात. स्कूटरची दुकानं सायकलला हात लावत नाहीत. याच्या झाडाखालच्या जागेवर रस्ता रुंदीकरणाची खूण पडली आहे. चाक फिरवून, डोळा बारीक करून तो नेमकी कुठली आरी सैल आहे ते सांगतो, आणि ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. रस्ता रुंद व्हायचा तर होवो, पण त्याची पेटी आणि पंप ठेवण्यापुरती सावली पलीकडे कुठेतरी मिळू दे. आणि त्याच्या हाताखाली, हे काम मन लावून शिकेल असं एखादं पोर धाड.