दुपारची पंगत

काल्याच्या कीर्तनाशिवाय आमचा कोणताही सप्ताह पुरा होत नाही. सात दिवस ज्ञानेश्वरीचे पारायण झाले, पहाटेचा काकडा झाला, रात्रीचा जागर झाला, तरी शेवटच्या दिवशी काल्याचा प्रसाद हातावर पडल्याशिवाय मंडळी उठत नाहीत. आषाढीची वारीसुद्धा पौर्णिमेला गोपाळपुरी काला झाला म्हणजेच पुरी होते. आता या काल्यात असते तरी काय? पोहे, लाह्या, दही, ताक, लोणच्याची फोड, एखादी मिरची. गोकुळातल्या गवळ्यांच्या पोरांनी रानात गाई चारायला जाताना घरून जी शिदोरी बांधून नेली, तीच सगळ्यांनी एकत्र कालवली, तो हा काला. म्हणजे ज्या प्रसादासाठी आम्ही हात पुढे करतो, तो मुळात आयांनी सकाळच्या घाईत फडक्यात बांधून दिलेला दुपारचा डबा आहे! कोणाच्या फडक्यात रात्रीचा भात असेल, कोणाच्या नुसती भाकर. देवाने कोणाच्याही शिदोरीला नाक मुरडले नाही, आणि सगळे बसल्याशिवाय घास उचलला नाही.

तेव्हा, “महाराज, परमार्थ सोडून पिठल्याच्या गोष्टी कशाला?” असे कोणी म्हणू नये. भगवंतांनी गीतेच्या ६ व्या अध्यायात योग सांगता सांगता आहाराचा विषय काढलाच आहे. फार खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघेही तिथे बाद केले आहेत. पुढे १७ व्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार वेगळे करून दाखवले. ज्ञानोबारायांनी दोन्ही ठिकाणी विस्तार केला आहे, तो ज्याने त्याने ग्रंथ उघडून पाहावा. आम्हांस आज त्यातली एकच गोष्ट चुलीपाशी आणून बघायची आहे. दुपारचे जेवण सोपे का असावे, आणि ते सोपे झाले म्हणजे घरात कोणाचे भले होते?

वारीतले जेवण आठवा. आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे २५० किलोमीटरांची. दिंडीची भिशी भरली की दोन्ही वेळचे जेवण दिंडीत. सामानाचा ट्रक पुढे जातो, विसाव्याच्या जागी चुली पेटतात, आणि पालखी पोचेस्तोवर पिठले-भाकरी नाहीतर आमटी-भात तयार असतो. सोबत एखादी उसळ, ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. कोणी दोन भाज्या मागत नाही, पापड नाही म्हणून कोणी रुसत नाही. आणि एवढ्याशा जेवणावर सत्तरीची म्हातारी डोक्यावर तुळस घेऊन दिवसाला पाच-सहा कोस चालते! (अलीकडे वाटेवर बिस्किटे, वडे, बुंदी वाटणारे दाते फार झाले आहेत. त्यांचा भाव मोठा आहे, पण पोटाचे हाल होतात. त्याविषयी पुन्हा केव्हातरी.)

वारीत आणखी एक गोष्ट घडते, तिकडे आमचे लक्ष जात नाही. पंगत बसते, तीत बायाबापड्या सगळ्या बसतात. वाढपी वाढतात, पुरुष भाजी चिरायला बसतात, भांडीही घासतात. जी बाई घरी कधी गरम भाकरी खात नाही, ती त्या माळावर सर्वांबरोबर गरम जेवते. येता-जाता तिच्या पायाला हात लावून लोक तिला “माउली” म्हणतात.

आणि द्वादशीचे पारणे झाले, एसटीत बसून मंडळी घरी आली, की काय होते? तीच माउली पहाटे उठते. चपात्या वेगळ्या, भाकरी वेगळी, मुलांना ही भाजी, मालकांना ती, सासऱ्यांना बिनतिखटाचे. अकरापर्यंत ओट्याशी उभी. मग मालकांचे ताट, मग पोरांचे, मग आल्यागेल्याचे. दोन वाजता ती बसते तेव्हा पातेल्यात आमटीचे पाणी आणि टोपलीत कडेची भाकरी उरलेली. “मला काय, मी कसंही भागवते,” असं म्हणून ती वर चहा पिते. आमच्या घराघरांत हे इतके अंगवळणी पडले आहे की त्याला कोणी उपासमार म्हणत नाही, उलट गृहिणीचा गुण म्हणतात. २०१९-२१ सालच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या अर्ध्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याला पाळी, बाळंतपणे, जंत अशी कारणे पुष्कळ आहेत. पण शेवटी जेवणे आणि उरलेले जेवणे हेही त्यांतलेच एक आहे.

आमच्या संप्रदायात तर ही गोष्ट शोभत नाही. जनाबाई दळायला बसली तेव्हा विठ्ठलाने येऊन जात्याचा खुंटा धरला, असे आम्ही पिढ्यान् पिढ्या सांगतो. पैठणला नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन राहिला आणि कावडीने पाणी वाहून रांजण भरत राहिला, ही कथा ऐकून आमचे डोळे भरून येतात. देवाने दळले, देवाने पाणी भरले. आणि ती कथा ऐकून घरी आलेला श्रोता पाटावर बसून हाक मारतो, “अगं, पाणी!” ... हसू नका, कथा सांगणारेही तसेच हाक मारतात.

म्हणून आमचे म्हणणे असे की, दुपारचा स्वयंपाक एवढाच असावा की तो करणारीलाही पंगतीत बसता यावे. एक धान्य, एक डाळ किंवा कडधान्य, एक भाजी, थोडे ताक, एखादे कच्चे. रोज एवढे पुरते. शरीराला जे पाहिजे ते यात येते. ज्वारी, बाजरी, तांदूळ यांच्या प्रथिनात जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी असते ते धान्यात असते. पिठले-भाकरी, डाळ-भात, उसळ-भाकरी ह्या जोड्या आमच्या आज्यापणज्यांनी शास्त्र न वाचता जुळवल्या, आणि शास्त्राने मागाहून मान डोलावली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले तेव्हा शहरातल्या दुकानांतून ज्वारी-बाजरीची देखणी पाकिटे आली. गावाकडची माणसं म्हणाली, ही तर आमची भाकर!

आता करायचे कसे ते सांगतो. मटकी सोमवारी सकाळी भिजत घालावी, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधावी, मंगळवारी दुपारपर्यंत मोड येतात. उन्हाळ्यात लवकर, थंडीत जरा उशिरा. मोड आले की कडधान्य पचायला हलके होते आणि त्यातले लोह अंगी जास्त लागते. पळीभर तेलात मोहरी, हिंग, हळद, गोडा मसाला, वर मटकी आणि बेताचे पाणी. झाकण ठेवून पंधरा मिनिटांत शिजते. खाली उतरवल्यावर लिंबू पिळावे. लिंबाने डाळीभाजीतले लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच घेतलेला चहा मात्र उलटे करतो, त्यातला तुरट अंश लोहाला धरून ठेवतो. चहा सोडा असे सांगून कोणी ऐकणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पण मध्ये तासभर जाऊ द्यावा. लोखंडी कढई माळ्यावर टाकली असेल तर ती खाली काढावी.

पिठल्याला तर दहा मिनिटे. वाटीभर डाळीच्या पिठाला तीन वाट्या पाणी, पीठ आधी थोड्या गार पाण्यात कालवून घेतले की गुठळ्या होत नाहीत. झाल्याच तरी विठोबा रागवत नाही. चातुर्मासात ज्यांनी कांदा-लसूण सोडला आहे त्यांनी जिरे, हिरवी मिरची आणि हिंगावर करावे, वरून कोथिंबीर. पालेभाजी वेगळी करायची दगदग नको असेल तर पालक, चाकवत, चुका, मेथी, जे बाजारात मिळेल ते डाळीतच शिजवावे, मूठभर शेंगदाणे घालावेत. एका भांड्यात डाळही झाली, भाजीही झाली. पाला आधी धुवावा आणि मग चिरावा. चिरून धुतला की सत्त्व मोरीत जाते. अरणच्या सावता महाराजांनी मळ्यातल्या भाजीतच देव पाहिला, आम्ही निदान ती शिजवून शिजवून काळी करू नये.

भाकरीचे काम खरे कसबाचे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून कढत पाणी घालून मळावे लागते, आणि पीठ जुने झाले की विरी जाऊन भाकरी थापताना चिरते. पीठ आठवड्याला पुरेल एवढेच दळून आणावे. ज्याला भाकरी जमत नाही त्याने ज्वारीच्या कण्या शिजवून ताकाबरोबर खाव्यात. आमच्याकडे म्हातारी माणसं ताक-कण्यांवर दुपार काढीत. नाहीतर भाजणीचे थालीपीठ, नाहीतर दोन वाट्या तांदळाला एक वाटी मुगाची डाळ आणि घरात असतील त्या भाज्या घालून कुकरमध्ये खिचडी. कुकरची शिट्टी मोजायला कोणालाही येते, पुरुषालासुद्धा येते.

मिठाचे मात्र जपावे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे चहाच्या चमच्याला सगळे मिळून जरा कमीच. त्यात लोणचे, पापड, ठेचा, फरसाण सगळे धरायचे. ठेचा ताटातून काढा असे आम्ही म्हणत नाही, बोटाला लागेल एवढा घ्यावा. त्याच्या जागी जवसाची किंवा कारळ्याची चटणी बेताच्या मिठाची कुटून ठेवली तर आठ-पंधरा दिवस जाते. भाकरीविषयीही एक गैरसमज आहे. साखरेचा विकार असलेले कित्येक वारकरी, “आम्ही ज्वारी खातो, आम्हांला काही होत नाही,” असे म्हणून चार भाकरी खातात आणि गोळी चुकवतात. ज्वारी हे अन्न आहे, औषध नव्हे. भाकरी दीड-दोन, डाळ-भाजी भरपूर, आणि गोळी डॉक्टरांनी सांगितली तशी. तसेच रक्त कमी असेल तर नुसत्या लिंबावर विसंबू नये. सरकारी दवाखान्यात तपासणी होते, लोहाच्या गोळ्या मिळतात.

एकादशीची गोष्ट निघाली की आम्ही गप्प बसावे हे बरे. “एकादशी अन् दुप्पट खाशी” ही म्हण कोणी बाहेरच्याने केलेली नाही. साबुदाणा म्हणजे बहुतेक सगळे पिष्ट. त्यात तूप आणि बटाटा घालून ताटभर खाल्ला तर उपवास कोणाचा झाला? वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिरा, रताळे, ताक यांवर दुपार सुखाने निघते. करणारीचेही काम निम्मे होते.

डब्याचेही तसेच. मुंबईचे डबेवाले १८९० च्या सुमारापासून घरचे जेवण कचेरीत पोचवत आले. त्यांतले बहुतेक मावळ, खेड, जुन्नर भागातले आणि कित्येक माळकरी. त्यांनी दुसऱ्याच्या घरची शिदोरी इतकी वर्षे सांभाळली. त्या डब्यातली उसळ-पोळी हॉटेलातल्या थाळीपेक्षा बरी, हे खाणारा जाणतो. डबा करणारीचे ताट त्याच वेळी वाढून ठेवले जाते का, हे मात्र डबा नेणाऱ्याला दिसत नाही. ते घरातल्यांनी बघावे.

आमच्या माहितीतल्या एका घरात असा नेम केला आहे. ज्या दिवशी सगळे घरी असतात, त्या दिवशी ताटे एकदम मांडायची, भाकरीची टोपली, भाजीचे पातेले आणि पाण्याचा तांब्या मध्ये ठेवायचा, आणि ज्याला जे हवे ते त्याने हाताने घ्यायचे. घरची लक्ष्मी आधी बसते, मग “वदनी कवळ” होते. पहिल्या आठवड्यात आजोबा रागावले, त्यांना पाणी कोणी दिले नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तांब्या स्वतःच्या उजव्या हाताशी ओढून घेतला. आता सुनेला ते स्वतः ताक वाढतात, आणि ताक आंबट झाले असले तर तेवढे बोलून दाखवतात.