आजन्म हमीचें भांडें



मोडकें भांडें बदलून मागणें हा धर्मविचाराचा विषय कसा होऊं शकतो, असें कोणी विचारील. मलाही पूर्वीं तसेंच वाटत असे. परंतु गेल्या पावसाळ्यांत डोणगांवीं आमच्या घरीं एक लहानशी गोष्ट घडली आणि तिनें मला पुष्कळ दिवस विचारांत पाडलें.

आमच्या घरच्या प्रेशर कुकरबरोबर मिळालेल्या कार्डावर ‘आजन्म हमी’ असें ठळक अक्षरांत छापिलें होतें. एके सायंकाळीं पत्नी प्रार्थनासभेस गेली असतां मीं डाळ चढविली आणि दारीं आलेल्या एका बंधूशीं बोलत बसलों. पाणी आटलें, सुरक्षेची झडप वितळली आणि तळ फुगून वर आला. त्या झडपेंतील मिश्रधातु पाणी संपून भांडें फार तापलें म्हणजे वितळावा अशाच हेतूनें घातलेला असतो. म्हणजे माझ्या हलगर्जीपणाचा साक्षीदार त्या झांकणांतच बसला होता. दुसऱ्या दिवशीं कुकर मेहकरास नेला. दुकानदार ओळखीचा, मनाचा चांगला. तो म्हणाला, “पाळकसाहेब, झडप नवी बसवून देतों. अर्जावर ‘तळ आपोआप फुगला’ एवढें लिहा, बदलून मिळेल.” मीं लेखणी हातांत घेतली होती, हें येथें कबूल करितों.

आपल्या आयांच्या घरीं पितळेचीं भांडीं होतीं. तीं फुटलीं म्हणजे बाजारांत नेत. दुकानदार डोळ्यांदेखत तोलून मोडीच्या भावानें पैसे धरी, वर थोडी भर घालून नवें भांडें मिळे. कल्हईचें पातेलें रिकामें चुलीवर राहिलें तर कथील ओघळे, कारण तें 232 अंशांवरच वितळतें. मग कल्हईवाला येई, भाता लावी, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्यानें नवें कथील फिरवी आणि आपली मजुरी घेई. चूक कोणाची हें कोणी विचारीत नसे, आणि म्हणून खोटें बोलण्याचें कारणही नसे. भांड्याचें मोल धातूंत होतें. मोशेच्या नियमशास्त्रांतही मातीचें भांडें फोडावें आणि तांब्यापितळेचें घांसून धुवावें असा भेद सांगितला आहे (लेवीय 6:28), तो ज्यांनीं राखेनें हंडे घांसले त्यांस सहज समजेल.

हमीच्या भांड्याची गोष्ट निराळी आहे. तळ फुगला म्हणजे भंगारवाला त्याचे थोडकेच पैसे देतो. त्याचें उरलेलें मोल कागदांत, म्हणजे दोन पक्षांच्या शब्दांत असतें: विकणारा म्हणतो, घडणींत दोष निघाला तर बदलून देईन, घेणारा म्हणतो, दोष कसा झाला तें खरें सांगेन. पितळेंत भेसळ करणें आणि ह्या शब्दांत भेसळ करणें ह्यांत मला अंतर दिसत नाहीं. खोट्या तराजूवरून आपण व्यापाऱ्यास नेहमीं बोल लावितों. परंतु नीतिसूत्रांच्या 20 व्या अध्यायांत, घेतांना मालास नांवें ठेवून घरीं जाऊन बढाई मारणारें गिऱ्हाईकही उभें केलें आहे, तें आपण भरभर वाचून पुढें जातों.

एका तरुण उपदेशकानें मला विचारलें, “कंपनीनें असला खर्च किंमतींत अगोदरच धरलेला असतो, मग नुकसान कोणाचें?” प्रश्न चांगला आहे. तो खर्च जी विधवा आपला कुकर जपून वापरते तिच्याच पैशांतून निघतो, हें एक उत्तर झालें. पण समजा, कोणाचेंच नुकसान झालें नाहीं, तरी हनन्याची गोष्ट उरते. शेताचे पैसे त्याचेच होते. ते सर्व दिले पाहिजेत असा हुकूम नव्हता, आणि पेत्रानें तसें स्पष्ट सांगितलें. त्याचा नाश पैशांनीं झाला नाहीं.

आतां दुसरी बाजू, आणि हीच मला अधिक बोंचते. त्याच कुकरच्या मुठीस पहिल्याच महिन्यांत, कोठेंही न आपटतां, तडा गेला होता. तो निखळ घडणीचा दोष. त्याबद्दल दीड वर्षांत मीं ब्र काढला नव्हता. जेथें हक्क होता तेथें मी मुका, आणि जेथें नव्हता तेथें लेखणी उचलून तयार! आपल्यांतील पुष्कळांच्या आजोबांस गांवच्या पाणवठ्यावर भांडें बुडवितां येत नसे. मिळेल तें मान खालीं घालून घ्यावें ही संवय हाडांत मुरली आहे, आणि तिला आपण ख्रिस्ती नम्रता असें नांव देतों. पौल नम्र नव्हता काय? तरी फिलिप्पै येथें चौकशीवांचून फटके मारून गुपचूप सोडूं लागले तेव्हां, अधिकाऱ्यांनीं स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावें, असें त्यानें सांगितलें.

ह्या कामीं महाराष्ट्र मागें नाहीं. 1974 सालीं पुण्यांत बिंदुमाधव जोशी ह्यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. 1986 सालीं ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याच्या जागीं 2019 चा नवा कायदा 2020 च्या जुलैपासून लागू आहे. त्याप्रमाणें माल कोठेंही घेतला असला तरी आपल्या जिल्ह्यांत, म्हणजे आम्हांस बुलढाण्यास, तक्रार करितां येते. पांच लाखांपर्यंतच्या मालास फी नाहीं. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत गेलें पाहिजे. आधीं 1915 ह्या क्रमांकावर विचारतां येतें. पावती आणि कार्ड पत्र्याच्या पेटींत ठेवावें, आणि ‘आजन्म’ म्हणजे कोणाचा जन्म, घेणाऱ्याचा कीं भांड्याचा, तें बारीक अक्षरांत दुकानांतच वाचून घ्यावें. मोठ्या अक्षरांत देऊन बारीक अक्षरांत काढून घेणें हेंही खोटें मापच आहे.

मीं अर्जावर दोन्ही गोष्टी लिहिल्या: मूठ पहिल्या महिन्यांत आपोआप तडकली, तळ माझ्या दुर्लक्षानें फुगला. दुकानदारानें वाचून माझ्याकडे पाहिलें आणि कांहीं न बोलतां शिक्का मारिला. तीन आठवड्यांनीं नवी मूठ आली, बाकी मागणी नाकारली. नव्या कुकरास पैसे जमेपर्यंत डाळ पातेल्यांतच शिजली, आणि सरपण अधिक लागतें हें पत्नीनें मला दोनतीनदां ऐकविलें. फुगलेल्या तळाचा तो कुकर सध्यां परसांत असून त्यांत कोंबड्यांचे दाणे ठेविले आहेत.