अर्ध्या सेकंदाचा हिशेब

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात मी हैदराबादला एका मोठ्या टेक कंपनीत दहा आठवडे इंटर्न होते. त्या काळात मी बरंच कोड लिहिलं. त्यातलं बहुतेक आता कुणी वापरतही नसेल. पण सगळ्यात महत्त्वाचा भाग कुठला असं विचारलं तर तो एका ओळीचा होता आणि त्या ओळीचा अर्थ होता ‘थांब’. माणसानं ॲपमध्ये बटण दाबलं, पुढचं पान तयार झालं, तरी ते दाखवण्याआधी ठरावीक मिलिसेकंद थांबायचं. काही लोकांसाठी शंभर, काहींसाठी दोनशे, काहींसाठी पाचशे. बाकीच्यांसाठी शून्य.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे ॲप मुद्दाम हळू करायचा पगार देतात तुला?” पगार नाही, स्टायपेंड. पण बाकी तिचं बरोबर होतं.

यामागचं कारण वेडगळ नाही. मोठ्या ॲपवर वीसतीस टीम काम करत असतात आणि प्रत्येकीला पानावर काहीतरी घालायचं असतं. कुणाला जाहिरातीची पट्टी, कुणाला शिफारशी, कुणाला व्हिडिओ. प्रत्येक गोष्टीनं पान थोडं जड होतं. हे जड होणं कंपनीला कितीला पडतं, ते कळल्याशिवाय कुणालाही ‘नाही’ म्हणता येत नाही. ते मोजायचं कसं? पान अर्ध्या सेकंदानं जलद करून बघावं, तर त्याला दहा माणसांचे सहा महिने लागतात. अर्ध्या सेकंदानं हळू करायला इंटर्नची एक ओळ पुरते. सरळ रेषेवरचे दोन बिंदू कुठल्याही बाजूनं मिळाले तरी चालतात, म्हणून हळू करून बघायचं. हे आमच्या टीमच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. २००९ मध्ये गूगलनं असाच प्रयोग जाहीरपणे मांडला होता. शोधाचे निकाल १०० ते ४०० मिलिसेकंद उशिरा दाखवले, तर माणसामागे रोजचे शोध ०.२ ते ०.६ टक्क्यांनी कमी झाले. आणि उशीर काढून टाकल्यावरही ती माणसं पूर्वीच्या सवयीवर लगेच परतली नाहीत. हा दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा जास्त लक्षात राहिला आहे.

माणसं निवडायची पद्धत यांत्रिक असते. प्रत्येक खात्याच्या क्रमांकावर एक गणिती क्रिया करायची आणि उत्तर येईल त्या कप्प्यात ते खातं टाकायचं. अमुक कप्पे पाचशेच्या गटात, तमुक शून्याच्या. कुणी कुणाला निवडत नाही. कोणी मंत्री असो की मंत्र्याचा ड्रायव्हर, गणिताला दोघं सारखे. पहिल्यांदा मला हा फार न्याय्य प्रकार वाटला होता.

मग मी एक हिशेब केला. खरे आकडे कंपनीचे आहेत, त्यामुळे सोयीचे घेते. समजा पाचशेच्या गटात दहा लाख माणसं आहेत. प्रत्येक जण दिवसाला वीस पानं उघडतो आणि प्रयोग चौदा दिवस चालतो. एका माणसाचे १४० सेकंद गेले. दहा लाखांचे चौदा कोटी सेकंद, म्हणजे १,६२० दिवस, म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षं. एका उन्हाळ्यात, एका ओळीत, मी माणसांची साडेचार वर्षं खर्च करणार होते.

मेंटॉरला हे सांगितलं. भला माणूस, चांगला ऐकून घेणारा. तो म्हणाला, “साडेचार वर्षं गेलेला एक माणूस दाखव.”

अर्थातच दाखवता येत नाही. पण हीच बेरीज उलट्या दिशेनं केली की आमच्या क्षेत्रात टाळ्या पडतात. पहिल्या मॅकिंटॉशच्या वेळी स्टीव्ह जॉब्जनं एका इंजिनिअरला मशीन दहा सेकंद लवकर सुरू कर म्हणून गळ घातली. पन्नास लाख लोक वापरतील, रोज दहा सेकंद वाचतील, म्हणजे वर्षाकाठी तू डझनभर माणसांचे जीव वाचवलेस, असा त्याचा युक्तिवाद होता. ही गोष्ट प्रेरणा म्हणून सांगतात. (आकडेमोड केली तर वर्षाला ५७९ वर्षं निघतात. सत्तर वर्षांचं आयुष्य धरलं तर आठ जीव. डझन होत नाहीत, पण ते असो.) आता, वाचवलेल्या सेकंदांची बेरीज करून जीव वाचवले म्हणता येत असेल, तर घेतलेल्या सेकंदांची बेरीज करून काय म्हणायचं? एका दिशेला बेरीज चालते आणि दुसऱ्या दिशेला ‘माणूस दाखव’, असं तर करता येणार नाही.

पण मेंटॉरचा मुद्दा खोडला गेला असंही नाही. जोनाथन ग्लोव्हर या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९७५ मध्ये एक उदाहरण दिलं होतं. एका गावात शंभर माणसं, प्रत्येकाच्या वाडग्यात शंभर घेवड्याचे दाणे. शंभर दरोडेखोर येतात आणि प्रत्येक जण एकेक वाडगा पळवतो. दुसऱ्या खेपेला त्यांना पश्चात्ताप होतो, म्हणून प्रत्येक जण प्रत्येक वाडग्यातून फक्त एकच दाणा घेतो. एका दाण्यानं कुणाचं काय जातंय? गाव मात्र दोन्ही खेपेला तितकंच उपाशी. डेरेक पार्फिटनं १९८४ मध्ये हाच विचार आणखी ताणला. त्याच्या उदाहरणात हजार छळ करणारे आहेत, आणि प्रत्येक जण जाणवणारही नाही इतकीच वेदना वाढवतो.

ही उदाहरणं वाचून मला माझं उत्तर मिळालं असं आधी वाटलं. मिळालं नव्हतं. ग्लोव्हरच्या गावात दाणे शेवटी एकाच वाडग्यातून जातात, उपाशी राहणारा माणूस दाखवता येतो. माझ्या साडेचार वर्षांचा वाडगाच नाही, ती दहा लाख ठिकाणी सांडलेली आहेत. एकशे चाळीस सेकंद म्हणजे कुकरची एखादी शिट्टी. त्याला अन्याय म्हणणं म्हणजे शब्दाचा अपमान आहे.

फरक पडतो तो दरोडेखोर मोजायला लागल्यावर. आमच्या कंपनीत तो एकच प्रयोग चालू नव्हता आणि फोनवर आमचं एकच ॲप नसतं. प्रत्येक ॲप आपापला दाणा उचलत असतं, मुद्दाम प्रयोग म्हणून किंवा नुसत्या जडपणानं. आणि ते सगळे दाणे एकाच फोनमधून, एकाच माणसाच्या दिवसातून जातात. तेव्हा वाडगा सापडतो.

मला तो वाडगा नेमका माहीत आहे. मिरजेत माझ्या बाबांचं दुचाकीच्या स्पेअर पार्टांचं छोटं दुकान आहे. किरकोळ माल ते याच ॲपवरून मागवतात. त्यांचा फोन जुना, काच तडकलेली, मेमरी ‘शुभ सकाळ’च्या फोटोंनी भरलेली. दुकानात नेट एका कोपऱ्यातच येतं. त्यांच्याकडे पान उघडायला आधीच पाचसहा सेकंद लागतात, आणि ते काउंटरवर फोन ठेवून समोर वायसर शोधणाऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात.

बाबांचं खातं पाचशेच्या गटात आलं होतं का, हे मला काढता आलं असतं. पण ओळखीच्या माणसाचं खातं उघडायचं नाही असा नियम होता. पहिल्याच आठवड्यात तासाभराचं प्रशिक्षण त्यावर होतं, आणि तो नियम योग्यच आहे. मी पाहिलं नाही. पाहायची इच्छाही मग राहिली नाही. ‘आहेत’ निघालं असतं तर प्रश्न माझ्या बाबांचा झाला असता, आणि ‘नाहीत’ निघालं असतं तर सुटल्यासारखं वाटलं असतं. दोन्हींमुळे बाकीच्या दहा लाखांचं काहीच बदलत नव्हतं.

बाबांच्या फोनवर साडेपाचाचे सहा सेकंद झाले तर त्यांना जाणवणार नाही. नव्या, वेगवान फोनवाल्याला तोच अर्धा सेकंद लगेच खुपतो. म्हणजे ज्याच्याकडे आधीच कमी आहे, त्याच्याकडून घेतलेलं सगळ्यात कमी जाणवतं. जाणवत नाही ते नुकसान नव्हे, असं मानलं तर गरिबाचं नुकसान करणं नेहमीच सगळ्यात नैतिक ठरेल. त्यामुळे ‘जाणवतं का’ ही कसोटी मी सोडून दिली.

आणि समजा जाणवलंच, तर बाबा काय म्हणतील तेही मला ठाऊक आहे. “आज नेट स्लो आहे गं.” मग ते फोन बंद करून चालू करतील. दोनचार फोटो उडवतील. दिवाळीला नवीन घ्यावा का, याचा विचार करतील. उशिराचं खरं कारण हैदराबादला सातव्या मजल्यावर बसलेली त्यांची मुलगी आहे, हे सोडून जगातल्या सगळ्या कारणांचा ते विचार करतील. अर्धा सेकंद छोटा आहे हे मला मान्य आहे. पण त्याच्यासोबत एक खोटंही जातं, आणि त्याचा आकार मिलिसेकंदात मोजता येत नाही. आपल्या साधनांत, आपल्या गावात, आपल्यातच काहीतरी कमी आहे अशी समजूत आम्ही कुणाला न सांगता पक्की करत होतो.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. आमच्या प्रयोगाच्या दोन महिने आधी दुसऱ्या एका टीमनं पानावर मोठी पट्टी टाकली होती. त्यानं पान सगळ्यांसाठी, कायमचं हळू झालं. त्याला कुणी अनैतिक म्हटलं नाही, कारण तो प्रयोग नव्हता, निर्णय होता. मिशेल मायर या अमेरिकी अभ्यासकानं नेमकं यावर बोट ठेवलं आहे. दोन पर्यायांपैकी कुठलाही सगळ्यांवर लादला तर लोक चालवून घेतात, पण दोन्ही अर्ध्याअर्ध्या लोकांवर करून कुठला बरा ते पाहिलं की ‘आम्ही काय उंदीर आहोत?’ म्हणतात. २०१४ मध्ये फेसबुकवर उठलेला गदारोळ आठवावा. जानेवारी २०१२ मध्ये आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या पानावरच्या आनंदी किंवा दुःखी मजकुराचं प्रमाण बदलून त्यांच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो ते पाहिलं होतं. पान रोजच बदलत होतं, तेव्हा कुणी बोललं नाही. मोजलं, तेव्हा बोलले. मोजणाऱ्याला दोष देऊन न मोजणाऱ्याला मोकळं सोडण्यात काय अर्थ आहे, हा मेंटॉरचा प्रश्न मला अजूनही बिनतोड वाटतो.

फक्त आमचा प्रयोग त्यात पूर्ण बसत नाही. १७४७ मध्ये जेम्स लिंडनं जहाजावरच्या स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला संत्री-लिंबं दिली, एका जोडीला समुद्राचं पाणी. आज समुद्राचं पाणी प्यायलेल्या त्या दोघांची कीव येते, पण कशानं गुण येईल हे लिंडला खरंच माहीत नव्हतं. वैद्यकीय संशोधनात हीच अट आहे: कुठली बाजू चांगली याबद्दल जाणकारांत खरी अनिश्चितता हवी. आम्हाला अनिश्चितता कसली होती? हळू ॲप वाईट, हे आत्यालाही माहीत होतं. आम्हाला फक्त किती वाईट ते हवं होतं, आणि तेही कुणासाठी वाईट? पडद्यावरचा आकडा होता खरेदी अर्धवट सोडून गेलेल्यांचा. जो चिडून निघून गेला, तो आमच्या तक्त्यात दिसला. जो थांबला, त्यानं सहन केलं, खरेदी पुरी केली, तो ‘काही फरक नाही’ या रकान्यात गेला. सोशिक माणसाचं नुकसान शून्य धरलं जात होतं, तो सोशिक आहे एवढ्यासाठी. बाबा त्याच रकान्यात असणार, कुठल्याही गटात असोत.

निकाल आले तेव्हा त्याचे दोन उपयोग झाले. पाचशेच्या आकड्यावर बोट ठेवून आमच्या टीमनं एक जड व्हिडिओ थांबवला, आणि त्याचा फायदा बाबांच्या फोनलाही झाला. शंभरच्या गटात फारसा फरक दिसला नव्हता. तो आकडा दुसऱ्या टीमनं उचलला: म्हणजे शंभर मिलिसेकंद खर्चायला मोकळे आहेत.

संमतीचा प्रश्न मी काढला होता. अटी-शर्तींत ‘सेवा सुधारण्यासाठी चाचण्या’ असं एक वाक्य आहे, असं उत्तर आलं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा डेटाबद्दल बोलतो, अर्ध्या सेकंदाबद्दल नाही. मी सुचवलं की ज्यांचं पान आधीच चार सेकंदांपेक्षा जास्त घेतं, त्यांना वगळू. मेंटॉर म्हणाला, मग निकाल फक्त चांगल्या फोनवाल्यांचे येतील आणि पुढचे सगळे निर्णय त्यांच्याच सोयीचे होतील. हे खरं होतं, आणि याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. प्रयोग संपल्यावर त्या लोकांना एक ओळ दाखवू, ‘गेले दोन आठवडे काही पानं आमच्यामुळे हळू होती, तुमच्या फोनमुळे नाही’, हेही सुचवलं. यानं निकाल बिघडणार नव्हता, कारण प्रयोग संपलेला असणार. त्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, हे आपल्या हातात नाही, पण विचारतो. त्यानं खरंच विचारलं. वरून ‘सध्या नको’ असं आलं. पाचशेचा गट मात्र त्यानं स्वतःहून दोन आठवड्यांऐवजी एका आठवड्यावर आणला.

अहवालात मी एक जादा रकाना घातला. खरेदी न सोडता थांबलेली माणसं किती आणि ती मिळून किती तास थांबली. सादरीकरणाच्या स्लाइडवर जागा नव्हती, म्हणून तो परिशिष्टात गेला, पान नऊवर. पुढच्या वर्षीच्या इंटर्ननं मला मेसेज करून विचारलं की हा रकाना कशासाठी आहे, काढला तर चालेल का. मी तिला फोन केला. आम्ही तासभर बोललो. ती म्हणाली, ठेवते, पण कुणी विचारलं तर काय सांगू?